एकदाच जाऊन यायचं होतं

आखातात दोघे सख्खे भाऊ नोकरीला आहेत म्हटलं की गावाकडच्यांना वाटतं, हे रोज संध्याकाळी एकत्र चहा पीत असणार. मी सौदीत हुफूफला होतो आणि दादा ओमानमध्ये, मस्कतला. मध्ये वाळवंट आणि अख्खा एक देश. त्याची सुट्टी मंजूर व्हायची तेव्हा माझ्या प्लँटचं शटडाउन असायचं आणि माझी व्हायची तेव्हा त्याचा साहेब अडून बसायचा. कित्येक वर्षं आम्ही एकमेकांना फक्त फोनवर ऐकत होतो.

त्या रमजानमध्ये दादाच्या पोटात गाठ निघाली. मस्कतच्या डॉक्टरांनी पोट उघडलं, बघितलं आणि तसंच शिवून टाकलं. ईद झाली की त्याची कंपनी त्याला स्ट्रेचरवरून मुंबईला पाठवणार होती. गावाहून वहिनीचा फोन आला. "भावजी, अजून शुद्धीत आहेत. सारखं तुमचं नाव घेतात. पुढचं कोणी काही सांगत नाही हो." मला भारतात जायला रजा मिळणार नव्हती, शटडाउन डोक्यावर होतं. माझ्या हातात होते फक्त ईदच्या सुट्टीचे दिवस, आणि दम्मामहून सुटणारी सगळी विमानं भरलेली.

एक मात्र होतं. आमच्या कॅम्पमधले आम्ही तिघे मित्र बरेच दिवस एक बेत रंगवत होतो. ईदच्या सुट्टीत गाडी काढायची आणि कतार, दुबई, मस्कत असं फिरून यायचं. गाडी श्रीवर्धनच्या मित्राची, तो सर्व्हेअर. दुसरा सांगलीचा, ड्राफ्ट्समन. इकाम्यावर, म्हणजे सौदीतल्या राहण्याच्या परवान्यावर, तिघांचाही हुद्दा बरा होता, त्यामुळे शेजारच्या देशांचा व्हिसा सीमेवरच मिळायचा. दादाचं कळल्यावर मी म्हटलं, बेत रद्द. श्रीवर्धनचा म्हणाला, "रद्द कशाला? मस्कतलाच तर चाललोय. तुझ्या दादाला भेटायला चाललोय असं समज."

पासपोर्ट कंपनीच्या ताब्यात असायचे. सौदीतून बाहेर जाऊन परत यायचं तर पासपोर्टवर परवानगी लागायची, एक्झिट-रीएंट्री. ती काढून आणायचं काम मंदूबचं, म्हणजे सरकारी कचेऱ्यांत कंपनीसाठी खेटे घालणाऱ्या माणसाचं. त्याने मला विचारलं, एकदाची काढू की अनेकदाची? ते दोघे सुट्टीच्या दिवशी उठसूट बहरीनला पळायचे, त्यांच्याकडे अनेकदाची होती. मी म्हटलं, एकदाची पुरे. एकदाच जायचंय, एकदाच यायचंय. यात चुकीचं काय होतं, सांगा.

श्रीवर्धनचा ईदची नमाज पढून, थर्मासमध्ये शीरखुर्मा भरून आला आणि आम्ही निघालो. सलवाच्या फाट्याशी आलो तर सांगलीकराला चेव चढला. "इथून डावीकडे वळलं की कतार. दोहा हाकेच्या अंतरावर आहे. ठरल्याप्रमाणे आजचा दिवस तिकडे काढू आणि उद्या सकाळी पुढे. दादांचं विमान परवा रात्री आहे, वेळ भरपूर आहे." वेळ खरंच होता. मी हो म्हटलं. दोह्यात समुद्राकाठी हिंडलो, एका केरळी खानावळीत मासे खाल्ले. सांगलीकर एका उंटाशी मराठीत बोलत राहिला आणि मी हसून हसून बेजार झालो. ते हसणं आठवलं की मला अजून स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

आता एक भूगोल. कतारमधून दुबईकडे जायला सरळ रस्ता नाही. मागे सौदीत यायचं, सौदीचा किनारा धरून बथाच्या सीमेपर्यंत जायचं आणि तिथून पुन्हा बाहेर पडायचं. हे आम्हाला रस्ता म्हणून तोंडपाठ होतं. त्याचा पासपोर्टवर काय अर्थ होतो, ते तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आमच्या लेखी दोन गटच होते, सौदी आणि बाहेर. आम्ही बाहेर निघालो होतो, बस्स. दुसऱ्या दिवशी सकाळी सलवाला सौदीच्या शिपायाने माझ्या पासपोर्टवर प्रवेशाचा शिक्का हाणला, वर "अहलन" म्हणाला, आणि मीही त्याला हसून शुक्रन केलं.

बथाला पोचलो तेव्हा ऊन टळटळत होतं. खिडकीतल्या पोरगेल्या शिपायाने त्या दोघांचे पासपोर्ट पटकन परत दिले. माझा उघडला, पानं उलटली, पुन्हा उलटली. "खलास," तो म्हणाला. "तू बाहेर जाऊन परत आलास. संपली तुझी परवानगी. नवीन घेऊन ये."

मी म्हटलं, आम्ही कुठे परत आलोय, आम्ही तर चाललोय. श्रीवर्धनच्याला बरं अरबी यायचं, त्याने समजावलं. मी आजारी भावाचं सांगितलं, हात जोडले. मला अरबीत नीट सांगता येईना म्हणून त्या पोराला हिंदीत सांगितलं, मग चक्क मराठीत ओरडलो, "माझा भाऊ मरतोय रे!" त्याने मोठ्या साहेबाला बोलावलं. साहेब चांगला माणूस निघाला, हीच पंचाईत. त्याने मला सावलीत बसवलं, थंड पाणी दिलं, अल्ला तुझ्या भावाला बरं करो म्हणाला, आणि कॉम्प्युटरकडे बोट दाखवून हात वर केले. वाईट माणूस असता तर निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या.

मंदूबला फोन लावला. तो ईदसाठी कैरोला, आपल्या घरी गेलेला. परवानगी देणाऱ्या कचेऱ्या सुट्टी संपेपर्यंत बंद. कफिलाला, म्हणजे ज्याच्या नावावर माझा व्हिसा होता त्या सौदी मालकाला, फोन लावला, तो उचलेना. मी श्रीवर्धनच्याला म्हटलं, मला डिकीत घाल. तो म्हणाला, "येडा झालास काय? तुरुंगात जाशील आणि मेलेल्याचं तोंडसुद्धा बघायला मिळायचं नाही." असं बोलून गेला आणि स्वतःच चपापला. मी त्याच्या अंगावर धावून गेलो. सांगलीकराने मला धरलं, तर मी त्यालाही लाथ घातली. दोह्याला जायची हौस त्याची होती ना. तो बिचारा रडायला लागला.

तेवढ्यात मस्कतच्या वॉर्डातून फोन आला. दादाने तिथल्या नर्सकडून लावून घेतला होता. आवाज विहिरीतून आल्यासारखा. "कुठं पोचलास रे?"

"बॉर्डरवर आहे दादा. येतोच."

"ये. मी झोपत नाही तोवर."

माझ्याच्याने नाही म्हणवलं नाही. फोन ठेवला आणि तिथेच भिंतीला टेकून खाली बसलो. सीमेपलीकडे जाणारे ट्रक दिसत होते. मेंढरांनी भरलेला एक ट्रकसुद्धा पार झाला. मेंढरांना परवानगी होती. शेवटी मी त्या दोघांना म्हटलं, "तुम्ही जा. त्याच्यापाशी कोणी तरी जा." सांगलीकर माझ्याबरोबर थांबतो म्हणत होता. मी म्हटलं, तुझं तोंड बघायची माझी इच्छा नाही, गाडी आलटूनपालटून चालवा आणि वेळेत पोचा. गाडी पार होताना मी बघितलंच नाही. एका पठाणाच्या ट्रेलरमधून हुफूफला परतलो. सबंध वाटेत तो एक अक्षर बोलला नाही, त्याचे माझ्यावर उपकार आहेत.

सुट्टी संपताना ते परत आले. श्रीवर्धनचा माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला, आत येईना. म्हणाला, सकाळी पोचलो. सांगलीकराला रडू आवरेना म्हणून तो बाहेरच थांबला, आणि हा एकटा आत गेला. दादाचे डोळे पिवळे झालेले, अर्धवट उघडे. याच्या पावलांची चाहूल लागली तसा त्याने हात पुढे केला. "आलास?"

"मग मी म्हटलं, आलो दादा."

"तू सांगितलं का नाहीस?" मी ओरडलो. "मी तो नव्हे म्हणून सांगायचं नाही?"

"काय सांगू? तो जागा राहिला होता रे तुझ्यासाठी. हात सोडतच नव्हता. विमानतळावर न्यायला आले तोवर मी तिथनं हललो नाही."

मी दार त्याच्या तोंडावर लावून घेतलं. नंतर कितीतरी दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. तो मेसमध्ये समोर आला की मी ताट घेऊन उठायचो. माझी जागा त्याने चोरली, असंच मला वाटायचं. माझ्या भावाने धरलेला हात घेऊन हा माणूस रोज माझ्यासमोर खुबसाची रोटी मोडतो, हे मला सहन व्हायचं नाही.

दादा घरी पोचला आणि आठवड्याभरात गेला. मला सुट्टी मिळाली ती शटडाउन उरकल्यावर. घरी गेलो, तेव्हा वहिनी माहेरी होती आणि आई एकटीच. तिने पान वाढलं आणि समोर बसली.

"तू भेटून आलास म्हणून फार समाधानात होता हो," ती म्हणाली. "सारखं तेच. धाकटा आला, दिवसभर बसून राहिला, पाणी पाजलंन."

मी भात कालवत राहिलो.

"पण एक बोलला. म्हणे, हाताची नुसती हाडं लागत होती. फार वाळलाय पोरगा, त्याच्याकडे बघ."

श्रीवर्धनचा काटकुळा, पट्ट्याला खिळ्याने जास्तीची भोकं पाडून घेणारा. आणि मी सौदीत गेल्यापासून चांगला सुटलेलो. आई माझ्या मनगटाकडे बघत होती. मग पोटाकडे. मग पुन्हा मनगटाकडे. मी कालवलेला भात तसाच ताटात.

 मग आमटीची पळी पातेल्यात ठेवली आणि हळूच म्हणाली, "कोण होता रे तो?"

मी सांगितलं. श्रीवर्धनचा आहे, आमच्यातलाच, एका कॅम्पातला. मुसलमान आहे, हेही सांगितलं.

"त्याला एकदा घेऊन ये," ती म्हणाली. "मला त्याला जेवायला घालायचंय."