आईचा सीन डीव्हीडीत नाही

माझ्या वडिलांना, अण्णांना कुणीतरी समजवा रे! दर फोनला तेच, "पैसे नको, तो पिक्चर पाठव."

गावात शूटिंग झालं तेव्हा आई विहिरीवर पाणी शेंदताना त्यात आली होती. ती गेली, फोटो एकही नाही. डायरेक्टर नावाजलेला, पण हा पिक्चर पडला, त्यामुळे कुठं मिळेना.

आज हडपसरला डीव्हीडी सापडली. ड्युटी बुडवून रूमवर परत परत बघितली. विहीर दिसते आणि लगेच गाणंच सुरू होतं.

परत दुकानात गेलो, तर दुकानदार म्हणाला, "अहो, डीव्हीडीसाठी कापून छोटा केलाय तो पिक्चर. लोक पूर्ण बघायला थांबले असते, तर पडला असता का?"

आता अण्णांना काय सांगू? तुम्ही काय सांगितलं असतं? या महिन्यालाही पैसेच पाठवतोय. चार हजार.