व्याह्यांचा डॅशबोर्ड

मोटार चालवता येत नसताना मोटार बांधायला घेणारा माणूस अख्ख्या इस्राएलात एकच निघाला, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. आमच्यासारखेच तेही तिकडून इकडे आलेले, रेवदंड्याचे; इथे ओफाकिमच्या कापडगिरणीत त्यांनी जन्मभर यंत्रं दुरुस्त केली. निवृत्त झाले आणि इंग्लंडहून बोटीने पेट्या मागवल्या: दोन माणसांची उघडी मोटार, सगळे भाग सुटे, घरी बसून जोडायचे. माणूस कमालीचा चोखंदळ. कलिंगड सगळेच वाजवून घेतात, हे टोमॅटोसुद्धा कानाशी धरतात. आमच्या मुलीला मागणी घालायला आले, तेव्हा बोलणी राहिली बाजूला, आधी त्यांनी आमच्या दाराची करकरणारी बिजागरी उतरवून साफ केली. मुलगी त्या घरात सुखी राहील, अशी माझी खात्री तिथेच पटली.

मोटार अडली ती डॅशबोर्डवर. पेटीतून आली ती नुसती लाकडी फळी, घड्याळांसाठी गोल भोकं पाडलेली. "मोटारीत बसलेला माणूस तिलाच बघणार, व्याहीबुवा. तिला काय अशी उघडी ठेवायची?" म्हणून तिच्यावर कातडं चढवायचं ठरलं. तपकिरी, मऊ, बकऱ्याचं. पण ओफाकिमच्या उन्हाळ्यात गोंद फासता फासताच वाळायचा. दोन कातडी सुरकुतून वाया गेली. तिसरं शेवटचं, तसलं पुन्हा मिळणार नव्हतं. विहीणबाईंचा फोन आला, "जेवणावर लक्ष नाही. फळी पुढ्यात घेऊन बसतात." मी म्हटलं, पाठवा त्यांना पेताह तिक्वाला, आमच्या निजायच्या खोलीत एअरकंडिशनर आहे.

त्यांनी फळी आणि कातडं चादरीत गुंडाळलं, सुतळीने बांधलं आणि बसने निघाले. बेर शेवाच्या स्टँडवर बस बदलायची होती. तिथे ते बोचकं बाकावर ठेवून हात धुवायला गेले. ओल्या हाताचे शिंतोडे कातड्यावर उडायला नकोत, म्हणून ते बरोबर नेलं नाही. परत येतात तो स्टँड रिकामा, चारी बाजूंनी पट्ट्या लावलेल्या, पोलीस लोकांना मागे हटवताहेत. बेवारशी बोचकं दिसलं की आत बॉम्ब असेल म्हणून आमच्याकडे ते उडवूनच देतात. व्याह्यांचं हिब्रू कामापुरतं, घाबरले की तेवढंही जातं. पट्टीपाशी उभे राहून ते पोलीसबाईला मराठीतच सांगत राहिले, "बाई, ते माझं आहे. त्याला काही करू नका." शेवटी खिशातला कागद काढून दाखवला. पेन्सिलीने काढलेला डॅशबोर्ड, भोकाभोकाचं माप लिहिलेलं. तिने तो उलटसुलट पाहिला, बरीच चौकशी केली आणि मग तिच्यासमोर त्यांना बोचकं सोडायला लावलं. आतली फळी बघून ती म्हणाली, "सब्बा, एवढ्यासाठी?" आपल्याकडे आजोबा म्हणतात, तसं.

"एवढ्यासाठीच," व्याही म्हणाले. तेवढं हिब्रू त्यांना तेव्हा आठवलं.

आमच्याकडे पोचले ते पांढरेफटक पडून. पण पाणी पिऊन लगेच कामाला लागले. गोंद दोन्हीकडे फासून बोटाला लागेनासा होईपर्यंत थांबायचं, कारण कातडं एकदा टेकलं की सुटत नाही. कातडं ताणलं जावं म्हणून माझ्या बायकोच्या केस वाळवायच्या यंत्राने व्याही ते ऊन करत होते आणि मी टोकं धरून होतो. "ओढा, पण रागाने नको," त्यांनी मला तीनदा बजावलं. भोकांवर चिरा देऊन कातड्याच्या पाकळ्या मागे वळवल्या. सुरकुती एकही पडली नाही. व्याही पलंगावर बसले, तळव्याने फळी चाचपली आणि म्हणाले, "आता जेवायला वाढा."

मोटारीला रस्त्यावर काढायचा परवाना काही मिळाला नाही. नकाराचा कागद त्यांनी वाचला, घडी करून कपाटात ठेवला आणि पुन्हा तो विषय काढला नाही. मोटार अंगणात राहिली. पुढे त्यांचे गुडघे गेले, एवढ्या बुटक्या गाडीत उतरणं जमेना.

मागे एकदा चार वाजायच्या सुमाराला गेलो, तर विहीणबाई मोटारीत बसून शेंगा सोलत होत्या. व्याही बाहेर खुर्चीवर, एक हात आत घालून डॅशबोर्डवर टेकवलेला.

"कुठे निघालात?" मी विचारलं.

त्यांनी खरोखरच विचार केला. "रेवदंड्याला," म्हणाले. "पण ही म्हणते, तिथे आता आपल्याला ओळखणारं कोण आहे?"

विहीणबाईंनी शेजारच्या सीटवरचं ताट उचलून मांडीवर घेतलं. "बसा थोडा वेळ," त्या मला म्हणाल्या. मी बसलो.