जनूदादांची प्रायमरी

जनार्दन पालशेतकर म्हणजे आमचे जनूदादा मूळचे गुहागरकडचे, मस्कतला एसी मेकॅनिक, नंतर सुपरवायझर. मस्कतच्या वादी कबीर भागात एका गॅरेजच्या वरच्या मजल्यावर आमची रूम होती. रूम म्हणायचं एवढंच, होता फ्लॅट, आणि त्यात आम्ही नऊ जण राहायचो. नऊच्या नऊ ‘बॅचलर’. गल्फमध्ये बॅचलर म्हणजे लग्न न झालेला नव्हे. ज्याची बायको गावी आहे तो बॅचलर. या हिशेबाने जनूदादा दोन मुलांचे बाप आणि बावीस वर्षांचे बॅचलर होते.

त्यांना अमेरिकेच्या निवडणुकीचं वेड लागलं ते एका एसीपायी. दोन हजार आठ साली अझैबा भागातल्या एका व्हिलात ते शिडीवर चढले होते आणि खाली एक म्हातारा अमेरिकन टीव्हीला डोळे लावून बसला होता. दादांनी विचारलं, कोण जिंकला? म्हातारा म्हणाला, अजून निवडणूक कुठे, ही तर प्रायमरी, पक्षाचा उमेदवार कोण ते ठरवायची निवडणूक. मग त्याने दादांना खाली बोलावून चहा दिला आणि सगळं समजावलं. एसी दोन तासांत दुरुस्त झाला, दादा मात्र जन्माचे बिघडले.

दोन हजार सोळाच्या फेब्रुवारीपासून आमची पहाट अमेरिकेच्या निकालांनी व्हायला लागली. तिकडे रात्र पडून मतं मोजायला लागत, तेव्हा इकडे आमच्या बाथरूमसमोर रांग लागलेली असे. दादा गॅसवर चहा ठेवून, चष्मा नाकावर ओढून मोबाइल बघायचे आणि वहीत आकडे लिहायचे.

“रवी, ऊठ. दक्षिणेतला निकाल आला. बघ, मी सांगितलं होतं की नाय?”

“दादा, मला सातला दुकान उघडायचंय,” मी पांघरुणातून म्हणायचो.

“दुकान कुठे पळून जात नाय. ऐक. पहिल्या दोन राज्यांत मतदार बहुतेक गोरे. तिथे कोण पुढे ते बघून सगळे नाचत बसले. दक्षिणेत डेमोक्रॅट पक्षाच्या मतदारांत निम्म्याहून जास्त कृष्णवर्णीय. तिथे चित्रच पालटलं. माणसं तीच, पक्ष तोच. पण मत देणारा कोण ते बघायला पाहिजे.”

हा झाला त्यांच्या शिकवणीचा पहिला धडा. दुसरा धडा नियमांचा. काही राज्यांत फक्त पक्षात नाव नोंदवलेल्यालाच मत, काही राज्यांत कुणीही यावं. काही ठिकाणी संध्याकाळी हॉलमध्ये जाऊन तास न्‌ तास बसावं लागतं, तेव्हा कुठे मत मोजतात. “मग सांग, सेकंड शिफ्टवाला कसा जाणार?” दादा अगदी तळमळून विचारायचे. डेमोक्रॅट लोक मतांच्या प्रमाणात प्रतिनिधी वाटतात, पण पंधरा टक्क्यांच्या खाली गेलास की खलास. रिपब्लिकनांत काही राज्यांत पहिला आला त्याला सगळेच प्रतिनिधी, दुसऱ्याने हात हलवत परत जायचं. “लोक माणूस बघतात. मी आधी नियम बघतो,” असं म्हणून ते वही मिटायचे. आम्ही त्यांची टर उडवायचो, पण संध्याकाळी चहाच्या टपरीवर दुसऱ्यांना हेच सगळं स्वतःचं म्हणून ऐकवायचो.

आता हे ज्ञान मस्कतमध्ये वापरायचं कुठे? तर आमच्या कोकण स्नेहमंडळात. मंडळाची घटना जुनी, फॅमिलीवाल्यांनी केलेली. त्यात एका घराला एक मत. अल हैल या फॅमिलीवाल्यांच्या वस्तीत एका फ्लॅटमध्ये नवरा-बायको राहतात, त्यांना एक मत. आमच्या रूममध्ये नऊ दाढ्या एका आरशात होतात, आम्हालाही एकच मत. अध्यक्ष व्हायची दुसरी अट अशी की माणूस मस्कतला सहकुटुंब राहणारा हवा, कारण मंडळाच्या गणपतीची पूजा अध्यक्ष आणि अध्यक्षीणबाई जोडीने करतात. साहजिकच अध्यक्ष दर वर्षी अल हैलचा. गेली चार वर्षं कृष्णकांत साहेब होते, एका मोठ्या कंपनीत मॅनेजर. माणूस सज्जन. अर्ध्या वादी कबीरला त्यांनीच कधी ना कधी नोकरीला चिकटवलं होतं.

दादांना अध्यक्षपदाची हौस का, हे आम्हाला आधी कळेना. मग एका शुक्रवारी सुरमई साफ करता करता ते बोलले. यंदा त्यांचा पगार पहिल्यांदाच फॅमिली व्हिसाच्या अटीत बसला होता. “बावीस वर्षं मंडळाच्या गणपतीचे फोटो सुगंधाला पाठवतोय. ती दर वर्षी विचारते, तुम्ही कुठे आहात यात? मी असतो मागे, पंख्याला वायर जोडत. एकदा तिला पाटावर बसवायचंय रे माझ्या शेजारी. नवी साडी, नथ, सगळं. एकदाच.” आणि त्यांनी नाक पुसलं. हाताला मासळीचा वास, म्हणून मनगटाने पुसलं.

मार्चच्या सभेत दादा उभे राहिले. अमेरिकेतली पंधरा टक्क्यांची अट सांगून त्यांनी सगळ्यांना आधी चांगलं गोंधळवलं आणि मग म्हणाले, “एका माणसाला एक मत. एवढंच मागतो.” सभेत कुजबुज सुरू झाली. बायकांनाही वेगळं मत देणार का, असं कुणीतरी ओरडलं. दादा म्हणाले, “म्हणजे काय, बायका माणसं नायत?” मागच्या रांगेतून पहिली टाळी पडली ती नयनावहिनींची, म्हणजे खुद्द कृष्णकांत साहेबांच्या पत्नीची. साहेब हसले आणि ठराव पास झाला. मे महिन्याच्या तीन शुक्रवारी मतदान ठरलं. पहिला अल हैल, दुसरा अझैबा, शेवटी वादी कबीर. दादांना वादी कबीर आधी हवं होतं, कारण पहिल्या राज्यात जिंकलं की हवा तयार होते म्हणे. पण जुन्या मंडळींनी ते मानलं नाही. अध्यक्षाच्या सहकुटुंब राहण्याची अट तशीच राहिली, त्यामुळे सुगंधावहिनींना आणायचं म्हणून दादांनी मस्कतच्याच रुवी भागात एक छोटा फ्लॅट बघून ठेवला. जिंकले तर जूनपासून तिकडे राहायला जाणार होते.

मतपेटी सांभाळायला यूनुसभाईंना बोलावलं. ते दाभोळचे, खालच्या गॅरेजचे फोरमन. मंडळाशी त्यांचा संबंध नाही, म्हणून दादा आणि कृष्णकांत साहेब, दोन्ही उमेदवारांचा त्यांच्यावर विश्वास. जुम्म्याची नमाज आटोपून ते पेटी घेऊन यायचे आणि तोंडावरची रेषही हलू न देता मतं मोजायचे.

दादांनी वहीत अल हैलपुढे स्वतःची पंधरा मतं धरली होती, पडली एकतीस. साहेबांना त्रेचाळीस. त्या दिवशी दादांना स्वतःलाच आपला धडा नव्याने कळला. ती मतं बायकांची होती. मे-जूनच्या उकाड्यात एसी बंद पडला की कंपनीचा माणूस तिसऱ्या दिवशी येतो आणि जनूदादा तासाभरात, हे नवऱ्यांना ऑफिसात बसून कसं कळणार? नयनावहिनींनी तर चारचौघांत सांगून टाकलं, “मी जनार्दनभाऊंना मत दिलं. आमचे हे छान भाषण करतात, पण भाषणाने खोली गार होत नाही.” साहेब सगळ्यांत मोठ्याने हसले.

अझैबात दादांना बावीस, साहेबांना सोळा. आता साहेब फक्त सहा मतांनी पुढे होते आणि राहिलं होतं आमचं वादी कबीर. सगळे बॅचलर. दादांनी हिशेब मांडला, इथे सात मतांची आघाडी मिळाली तरी पुरे. आठवडाभर ते एकेका रूममध्ये जाऊन आले. वहीत प्रत्येक रूमपुढे आकडा, कुठे खात्रीचा, कुठे प्रश्नचिन्ह टाकलेला. आमच्या रूमपुढे लिहिलं होतं ‘नऊ, नक्की’, आणि खाली दोन रेघा. आमच्याकडे त्यांनी मत मागितलंच नाही. घरात कोण मत मागतो?

यूनुसभाईंनी वादी कबीरच्या चिठ्ठ्या मोजल्या. जनार्दन तेहतीस, कृष्णकांत एकतीस. बेरीज झाली शहाऐंशी आणि नव्वद. दादा चार मतांनी पडले.

साहेबांनी तिथल्या तिथे त्यांचे हात धरले. “जनार्दनराव, यंदाच्या पूजेला तुम्ही आणि वहिनीच बसा. मी सांगतो ना.” दादांनी मान हलवली. “नाय साहेब. नियम मीच बदलून घेतलाय. आता मीच कसा मोडू?” रुवीचा फ्लॅट त्यांनी दुसऱ्याच दिवशी सोडून दिला. आता कायमचं गावी परतायला दोनच वर्षं राहिली, कशाला भाडं भरायचं, म्हणाले. मग तीन दिवस वही उघडून बसले, चूक शोधत. बारा नंबरची रूम फिरली असेल, असं म्हणायचे. पेंटरांच्या रूमवर संशय घ्यायचे. मी समोर बसून कांदा चिरत होतो आणि माझी मान वर होत नव्हती.

सुगंधावहिनींचं तिकीट आधीच काढलेलं होतं, ते काही परत होईना. म्हणून त्या ऑगस्टच्या शेवटी व्हिजिट व्हिसावर आल्या. नयनावहिनींनी त्यांना स्वतःच्या घरी उतरवून घेतलं. आल्यावर दुसऱ्याच दिवशी शुक्रवार होता. त्या म्हणाल्या, गणपतीचा हॉल वगैरे राहू दे, आधी तुमची रूम दाखवा.

आम्ही दोन दिवस रूम घासली होती. वहिनी आल्या, पदर खोचून दारात उभ्या राहिल्या आणि प्रत्येक गोष्ट नीट बघत गेल्या. गॅस. आरसा. दादांची कॉट, वरच्या कॉटखालची. कॉटच्या कडेला भिंतीचा रंग गेला होता, तिथे त्यांनी हात लावला.

“इथे डोकं टेकून फोन करता होय मला?”

“हो,” दादा म्हणाले.

मग आम्ही त्यांना जेवायला वाढलं. त्या दोन घास खाऊन म्हणाल्या, “यांना एवढी मतं पडली, मग हरले कसे हो? मला फोनवर सांगतात, हिशेब लागत नाय.”

मला ते सहन झालं नाही. ताट बाजूला ठेवून मी म्हणालो, “वहिनी, आम्ही पाडलं. मी आणि हे सगळे. आठही जणांनी साहेबांना मत दिलं.”

दादांचा घास हातातच राहिला. मी त्यांच्याकडे न बघता बोलत सुटलो. जिंकले असते तर हे रुवीला गेले असते. इथे कुणाला ताप आला की रात्र जागतं कोण? पासपोर्टचं काम अडलं की अर्बाबशी, म्हणजे मालकाशी, भांडतं कोण? कुणाचा बाप गेला, तेव्हा विमानतळापर्यंत हात धरून गेलं कोण? आम्हाला एकमेकांत बोलायची गरजही पडली नाही. प्रत्येकाने चिठ्ठीवर साहेबांचं नाव लिहिलं आणि घडी करून टाकली. “आम्हाला ते जायला नको होते, वहिनी. चुकलो.”

आता वहिनी तोडून बोलणार, असं मला वाटलं. त्यांनी तसं काही केलं नाही. माझं ताट उचलून पुन्हा माझ्यापुढे ठेवलं, त्यात भात वाढला, वर आमटी घातली.

“चुकलात कसले,” त्या म्हणाल्या. “यांनी जाऊ नये, हेच मत माझंही होतं. बावीस वर्षांपूर्वी. तुम्हाला निदान चिठ्ठी तरी मिळाली. मला तर कुणी विचारलंच नाय.”

जनूदादांनी डावा हात पुढे करून वहिनींचा हात धरला, आम्हा आठ जणांच्या देखत, आणि जेवणं संपेपर्यंत सोडला नाही.