झाडाला घातलेलं पाणी

गोदीतल्या सगळ्यांत उंच क्रेनवर त्याचं अर्धं आयुष्य गेलं. वरची काचेची खोली उन्हात भट्टीसारखी तापायची, तरी सकाळी शिडी चढलेला तो पाळी संपल्यावरच उतरायचा. "आपला गडी मधे उतरत नाही," असं खालचे हमाल कौतुकाने म्हणायचे, आणि त्या कौतुकापायी त्याने कामावर पाणी पिणंच सोडलं. प्यायलं की लघवीला उतरावं लागणार, उतरलं की काम थांबणार. बायको रोज दोन बाटल्या भरून द्यायची. तिची कटकट नको म्हणून घरी जाताना तो त्या फाटकाजवळच्या झाडाला ओतायचा.

मग पाय सुजले. तपासण्या पाहून डॉक्टरांनी विचारलं, "काका, कामावर पाणी किती पिता?"

त्याच्याआधी बायकोच बोलली. "दोन बाटल्या! मी स्वतः भरते. घरी आळशी आहेत, पण पाण्याच्या बाबतीत नावं ठेवायला जागा नाही."

डॉक्टर कोड्यात पडले. उपचार चुकतील म्हणून त्याला खरं सांगावंच लागलं. झाडाचंही सांगितलं.

मूत्रपिंडं बरीच निकामी झाली होती. शिडी आता कायमची बंद झाली. पण बाहेर बाकावर बसल्यावर त्याच्या मनात क्रेन नव्हती. बायको आता भांडेल, मग भांडेल, अशी तो वाट बघत राहिला.

"अगं, बोल की काहीतरी."

"काय बोलू? शेजारणींना सांगत फिरले मी, आमचे हे माझं एवढं तरी ऐकतात."