पान लाल झालं का?

परदेशात शिकून जळगावला परतले, तेव्हा वाटलं होतं आता फक्त विज्ञान! पण आमच्या लॅबमध्ये रोपांपेक्षा किस्सेच भराभर वाढतात.

आम्ही केळीत नवी जनुकं बसवतोय. हरण्या रोगाचा विषाणू शिरला, की लक्षणं दिसायच्या आधीच पान लाल! शेतकरी तेवढंच रोप उपटेल, बाग वाचेल. मला तर झोपेतही लाल पानं दिसतात. प्रत्यक्षात मात्र विषाणू टोचूनही एक पान लाल होईना. या महिन्यात जमलं नाही, तर प्रोजेक्ट बंद.

*

चोपड्याच्या केळी पिकवणाऱ्या नानांना मी जनुकं, पेशी, विषाणू असं सगळं तासभर समजावलं.

नाना म्हणाले, "म्हंजे रोग आला का केळ बोंब मारीन. मंग येवढा येळ काय सांगून राहिली व्हती?"

*

धुळ्याच्या मावशीनं आईला विचारलं, "पोरगी एवढी शिकून करते काय?"

"केळीची पानं लाल करते."

मावशी काळजीत पडली. "हिरव्यात काय वाईट होतं?"

*

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पाहते, तर पहिल्याच ट्रेमध्ये लाल पान! मी धुळ्याला निघालेल्या आमच्या लॅबप्रमुख सरांना फोन केला. सर पारोळ्याहून मागे फिरले.

तेवढ्यात सफाई करणाऱ्या अक्का म्हणाल्या, "काल साऱ्या बठ्ठ्या मशिनींची पूजा केली ना, मग रोपालाबी कुंकू लावलं!"

आता सरांना कोण सांगणार, यावरून आमचं भांडण!

*

इलेक्ट्रिशियन शकीलभाईंना आमची दया आली. "मॅडम, लालच पाहिजे ना? एलईडी बदलतो. उद्या पूरी बाग लाल!"

*

सरांचा नियम कडक: बाहेरचं रोप, फूल, पान काहीही आत नाही. अक्कांचा गजरासुद्धा रोज दारातल्या टेबलावर!

महिना संपत आला. जनुकांची मांडणी बदललेली शेवटची तुकडी तयार होती, अजून विषाणू टोचलाही नव्हता. आणि सकाळी भिंतीकडची चार रोपं लालभडक! टेस्ट केली. हरण्याच!

"बाहेरचं रोप आत कोणी आणलं?" सर कडाडले.

भिंतीवरून हा विषाणू पसरवणाऱ्या मावा किड्यांची रांग चालली होती. आम्ही मागोमाग गेलो. रांग सरांच्या केबिनमध्ये शिरली. पडद्यामागे मिरचीची कुंडी! मुक्ताईनगरहून, सरांच्या सासूबाईंनी दिलेली. पानांवर हरण्याचेच पिवळे चट्टे.

सरांनी मिरचीकडे पाहिलं, मग केळीकडे.

"अरे, चालतंय! आपलं रोप चालतंय!" सर कुंडी उराशी धरून नाचायलाच लागले.

अक्कांनी दाराकडे बोट केलं.

"सर, टेबलावर ठेवा."