भरती दोन वाजून दहा मिनिटांनी

१९८५ च्या मार्चमधल्या एका गुरुवारी, हवाईतल्या ओआहू बेटावर, जेवणासाठी थांबलेली पर्यटकांची मिनीबस ठरल्या वेळेपेक्षा पन्नास मिनिटं उशिरा सुटली. एका प्रवासी बाईंचं जेवण व्हायचं होतं. या बाई लीडरच्या पत्नी होत्या. लीडरच्या देखरेखीखाली काही उशिरा झाल्याची दुसरी नोंद नाही.

लीडर हे नाव त्यांचं त्यांनीच घेतलेलं. "ग्रुप म्हटला की लीडर लागतो," असं ते म्हणत, आणि दुसरा कोणी पुढे यायच्या आत पुढे होत. मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या मराठी मंडळींत त्यांचं खरं नाव फक्त टपालावर उरलं होतं. ते डेट्रॉइटजवळच्या एका मोटार कंपनीत इंजिनियर होते, ब्रेक्सच्या विभागात. गाड्या थांबवणं हा त्यांचा व्यवसाय होता. माणसांना कुठे थांबू न देणं हा छंद. आता ते नाहीत. त्यांच्या ओळखीतली बरीच माणसं अजून घरातून निघायच्या आधी घड्याळ दोनदा बघतात.

कुठल्याही गावाला जाण्यापूर्वी लीडर तिथे जाऊन आलेले असत. म्हणजे लायब्ररीतून. सहा आठवडे आधी पुस्तकं आणि नकाशे यायचे, मग टाइपरायटरवर कार्यक्रम तयार व्हायचा, कार्बन लावून माणशी एक प्रत. हवाईच्या कार्यक्रमात 'सकाळी ६.४० : सूर्योदय पाहून झालेला असेल' अशी एक ओळ होती. गुरुवारच्या पानावर एका ओळीखाली तीन रेघा होत्या : 'दुपारी २.१० : ब्लोहोल. भरती.' ब्लोहोल म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकातलं एक भोक. भरती असली की लाट खालून आत घुसते आणि पाणी कारंज्यासारखं वर उडतं. ब्रेकमधलं तेल आणि समुद्राचं पाणी एकाच नियमाने चालतं, हे लीडरना तिथे उभं राहून आम्हाला समजावून सांगायचं होतं. त्यांनी भरतीचं कोष्टक टपालाने मागवलं होतं. हवाईला ते मुख्यतः या भोकासाठीच आले होते.

आम्ही पाच जण होतो : लीडर, त्यांच्या पत्नी म्हणजे काकू, त्यांची चौदा वर्षांची मुलगी नीता आणि आम्ही दोघं, त्या वर्षी नवीनच आलेले आणि म्हणून आज्ञाधारक.

लीडरचा दुसरा नियम डब्याचा. "बाहेरचं कशाला? आपण डबा नेतो," असं ते म्हणत. या 'आपण'मध्ये पहाटे उठणारी व्यक्ती एकच होती. नायगाराला, फ्लोरिडाला, ग्रँड कॅन्यनला, सगळीकडे लीडरच्या सुटकेसमध्ये त्यांच्या शर्टांखाली एक इलेक्ट्रिक हॉटप्लेट गेलेली होती. होनोलुलूच्या हॉटेलात खोलीत स्वयंपाक करायला मनाई होती आणि तशी पाटीही होती. लीडरनी पाटी वाचली, मग दाराच्या फटीला ओला टॉवेल लावला, धुराच्या अलार्मवर हॉटेलचीच शॉवर कॅप चढवली आणि झोपायला गेले. पाच वाजता काकूंनी बाथरूमच्या ओट्यावर हॉटप्लेट मांडून पंचवीस दशम्या आणि बटाट्याची भाजी केली. खोलीच्या बाल्कनीतून समुद्र दिसत होता. काकूंना आरशात काकू दिसत होत्या.

टूरच्या तिकिटात जेवण धरलेलं होतं. प्रत्येकाला एक कूपन मिळालं होतं. किनाऱ्यावरच्या एका टपरीवर ते दाखवायचं आणि ताट घ्यायचं. लीडरनी सकाळीच पाचही कूपनं गोळा करून शर्टाच्या खिशात ठेवली. "हरवतात," ते म्हणाले. वापरायची नसलेली वस्तू हरवू नये याची त्यांना फार काळजी.

मिनीबस चालवायला साठीच्या, भरदार अंगाच्या, फुलाफुलांच्या झग्यातल्या एक बाई होत्या. त्या स्वतःला आंटी नालानी म्हणवत आणि चाळिशीपुढच्या सगळ्यांना अंकल किंवा आंटी म्हणत. तिथली पद्धतच तशी. काकूंना त्यांनी "वॉच युअर स्टेप, आंटी" म्हटलं तेव्हा काकू पायरीवरच थांबल्या. चौदा वर्षांत अमेरिकेत त्यांना कोणा परक्याने आंटी म्हटलं नव्हतं. "अहो, आपल्यासारखंच म्हणतात की हे लोक," त्या म्हणाल्या. लीडर म्हणाले, "आठ-दहाला सुटायची बस आहे. आठ-बारा झाले."

पुढचे चार तास लीडरनी नालानीबाईंना त्यांच्या बेटाची माहिती दिली. अननस मुळात इथला नाही, हे सांगितलं. डोंगराच्या कुठल्या बाजूला किती पाऊस पडतो, ते सांगितलं. दर वेळी नालानीबाई आरशात बघून म्हणायच्या, "इज दॅट राइट, अंकल?" लीडरना हा प्रश्न वाटे आणि ते अधिक सविस्तर उत्तर देत. बेटाच्या उत्तरेकडच्या एका टेकडीवर वाऱ्याने त्यांचा कार्यक्रमाचा कागद हातातून उडवून नेला. नीता म्हणाली, "येस! वुई आर फ्री!" लीडरनी दुसऱ्या खिशातून कार्बन प्रत काढली.

साडेबाराला बस जेवणासाठी थांबली. पन्नास मिनिटं, असं नालानीबाईंनी सांगितलं. लीडरनी पंचेचाळीस धरली. टपरीसमोर पाच-सहा लाकडी टेबलं होती, टेबलांपुढे वाळू आणि वाळूपुढे पाणी. लीडरनी आमचा ग्रुप टेबलांकडे पाठ करून गाड्यांच्या बाजूला, एका झाडाखाली बसवला. नारळाखाली बसू नये, डोक्यात पडतो, हेही त्यांनी वाचलं होतं. त्यांनी डब्याचं झाकण उघडलं.

काकू बसल्या नाहीत. टपरीतून एक माणूस ताटं बाहेर देत होता. आइस्क्रीमच्या चमच्याने त्याने एका ताटात भाताचे दोन गोल काढले आणि शेजारी तव्यावरचा मासा ठेवला.

"अगं बाई, मूद पाडतायत," काकू म्हणाल्या. मग लीडरकडे वळून, "अहो, माझं कूपन द्या."

"कशाला?"

"जेवायला."

"अगं, डबा आहे ना. आणि तिथे काय आहे तुला खाण्यासारखं? मासा आहे तो."

"दिसतोय मला."

काकू मालवणच्या. लग्न होऊन पुण्याच्या शाकाहारी घरात आल्या, तिथून मिशिगनला. लीडरनी आम्हा दोघांना खुलासा केला, "हिने मासा सोडला, सोळा वर्षं झाली."

"मी सोडला नाही," काकू म्हणाल्या. "तुम्ही आणला नाहीत."

यावर लीडरनी भूक, वेळ, तेल आणि बसमध्ये येणारा वास असे चार मुद्दे मांडले. काकूंनी चारही ऐकून घेतले. हात पुढे केलेला होता, तो तसाच ठेवला.

"डॅड, जस्ट गिव्ह इट टु हर," नीता म्हणाली.

लीडरनी खिशातून पाच कूपनं काढली, त्यातलं एक वेगळं केलं, दोन्ही बाजूंनी वाचलं आणि दिलं. "एक-पंधरा," ते म्हणाले. "दोन-दहाला भरती आहे."

काकू ताट घेऊन समुद्राकडे तोंड करून बसल्या. नालानीबाई आपलं ताट घेऊन त्यांच्या शेजारी बसल्या. काकूंनी काटा-चमचा बाजूला सरकवला आणि हाताने जेवायला सुरुवात केली. नालानीबाईंनी थोडा वेळ बघितलं आणि आपलाही काटा खाली ठेवला. दोघींमध्ये समान भाषा फारशी नव्हती. त्या पूर्ण वेळ बोलत होत्या.

सव्वाला लीडर उठले. एक-वीसला बाकीचे प्रवासी बसमध्ये बसले. एक-पंचवीसला लीडर टेबलापाशी गेले. काकू माशाचे काटे काढून ताटाच्या कडेला ओळीने ठेवत होत्या आणि भात मागून घेत होत्या, दुसऱ्यांदा.

"अगं, भरती," लीडर म्हणाले.

काकूंचा घास तोंडात होता. उत्तर नालानीबाईंनी दिलं. "नो रश, अंकल. आंटी इज ईटिंग."

लीडरनी त्यांना कार्यक्रमाचा कागद दाखवला. तीन रेघांची ओळ बोटाने दाखवली. नालानीबाईंनी ती नीट वाचली. "इज दॅट राइट, अंकल?" त्या म्हणाल्या, आणि किल्ली टेबलावर ठेवून काकूंसाठी पाणी आणायला गेल्या.

बस दोन-दहाला सुटली. आम्ही ब्लोहोलपाशी तीनच्या सुमाराला पोचलो. भोक जागेवर होतं. पाणी ओसरू लागलं होतं. आतून अधूनमधून फुस्स असा आवाज यायचा. लीडर कठड्यापाशी उभे राहिले. त्यांनी ब्रेकचा नियम समजावून सांगितला नाही. भोकाचा एक फोटो काढला. परतीच्या वाटेवर काकू खिडकीशी झोपल्या. बसमध्ये थोडा वास येत होता. त्याबद्दल कोणी काही बोललं नाही, लीडरही नाही.

मे महिन्यात त्यांच्या बेसमेंटमध्ये स्लाइड शो झाला. चार-पाच कुटुंबं होती. प्रत्येक स्लाइडला लीडर उंची, अंतर आणि पर्जन्यमान सांगत होते. अननसांच्या मळ्यानंतर अचानक पडद्यावर एक पाठमोरी बाई आली : लाकडी टेबल, पुढे समुद्र, खांद्यावरून खाली आलेला पदर, कोपरापासून वर उचललेला उजवा हात. ही स्लाइड कधी घेतली, ते आमच्यापैकी कोणी पाहिलं नव्हतं. स्लाइड बराच वेळ राहिली. मागून कोणीतरी विचारलं, "लीडर, प्रोजेक्टर अडकला का?"

"नाही," लीडर म्हणाले. "ही जेवते आहे."

त्या ऑगस्टमध्ये लीडरनी घरासमोर गराज सेल मांडला. जुने नकाशे होते, सायकल होती, दिवे होते, सगळं ओळीने लावलेलं. टेबलाच्या टोकाला घासूनपुसून ठेवलेली हॉटप्लेट होती आणि तिच्यावर टाइप केलेली चिठ्ठी : 'फ्री. वर्किंग कंडिशन.' सेल सकाळी नऊला सुरू झाला. अकरा वाजता तिथे फक्त चिठ्ठी होती.