कोंडाजींचा इंच

दुपारचे दोन वाजून चाळीस मिनिटं. दातांच्या डॉक्टर हेमलता वर्तक हॉटेलच्या खोलीत, बूट न काढता, पलंगाच्या काठावर आडव्या होतात. बस सव्वाचारला विमानतळाकडे निघणार आहे. बॅगा भरून झाल्या आहेत. नुसती पाठ टेकायची, झोपायचं नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं आहे.

नाशिकच्या टेकडी क्लबातले बाराजण थायलंडला गोल्फ खेळायला आले आहेत. आजची शेवटची फेरी सकाळी झाली. आधीच्या दोन दिवसांच्या कोर्सवर कॅडीची, म्हणजे बॅग सांभाळणाऱ्या मदतनिसाची, टीप हॉटेलच्या बिलातच धरलेली होती, त्यामुळे विचार करायची वेळ कुणावर आली नाही. इथे तसं नाही. गटाचे सेक्रेटरी बाफना यांनी सकाळी बसमध्ये उभं राहून दोनदा सांगितलं होतं. कॅडीची फी काउंटरवर भरली आहे, ती क्लबला जाते. त्या कॅडी बायकांना मिळतं ते आपण फेरी संपल्यावर हातात देऊ ते. इथला रिवाज चारशे बाथचा आहे, आणि सगळ्यांनी तेवढेच द्यायचे.

हेमलताबाईंच्या पर्समध्ये चारशे बाथ वेगळे घडी करून ठेवलेले होते. अठराव्या होलवर त्यांचा हात पर्सच्या चेनपर्यंत गेलाही. समोर नोई उभी होती, सत्तेचाळीस नंबरची कॅडी. उन्हासाठी चेहरा डोळ्यांपर्यंत कापडानं झाकलेला. चार तास तिनं बॅग सांभाळली, चेंडू पुसून दिले, दोनदा पाण्याच्या कडेला वाकून चेंडू काढला. चारशे बाथ म्हणजे हजाराच्या वर रुपये, असा हिशोब बाईंच्या मनात झाला, आणि त्याच्या मागोमाग मनात कोंडाजी बेंडकुळे आले, त्यांचे नाशिकचे जुने कॅडी. जे त्यांना दिलं नाही ते हिला कसं द्यायचं?

चेन उघडली नाही. बाईंनी बॅगेच्या कप्प्यातून नाशिकचा चिवडा आणि एक नवा टूथब्रश काढला आणि हसून नोईला दिला. नोईनं हात जोडले. दोन्ही वस्तू गोल्फच्या गाडीच्या ट्रेमध्ये नीट ठेवल्या. आणि ती उभीच राहिली.

जेवताना बाफनांना ते कळलंच. त्यांनी विचारलं, “हेमाताई, ब्रश मऊ दिलात की कडक?” टेबल हसलं. बाई म्हणाल्या, “मऊ.” आणि भात तसाच टाकून उठल्या.

कोंडाजींनी सव्वीस वर्षं त्यांची बॅग उचलली. दर फेरीनंतर बाई शंभराची नोट त्यांच्या हातात ठेवत. दोन वर्षांपूर्वी त्यांचे दात गेले, तेव्हा बाईंनी स्वतः माप घेऊन त्यांना कवळी करून दिली. कोंडाजींनी एकच मागणं केलं होतं. डावीकडचा वरचा सुळा पहिल्यापासून वाकडा आहे, तो तसाच वाकडा ठेवा, नाहीतर घरी ओळखणार नाहीत. बाईंनी तो तसा बसवला. पैसे विचारले तर म्हणाल्या, तुमच्याकडून काय घ्यायचे. आणि पुढच्या फेरीपासून नोट देणं बंद केलं. बोलल्या काहीच नाहीत. दीडशेच्या वर फेऱ्या तशा गेल्या. गेल्या नोव्हेंबरात कोंडाजी झोपेतच गेले. बाई त्यांच्या घरी भेटायला गेल्या नाहीत. काय तोंडानं जाणार, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

एसीची घरघर बदलते आहे. तिच्यात पाणी येतं. मग ते पाणी दवाखान्यातल्या, तोंडातली थुंकी ओढणाऱ्या नळीचं होतं, आणि हेमलताबाईंना कळतं की आपण कॉलेज रोडच्या दवाखान्यात आहोत, पेशंट आत आलेला आहे.

फरशीच्या जागी गवत आहे. बारीक कापलेलं, दमट, होलभोवतीच्या ग्रीनवर असतं तसं. मधोमध पेशंटची खुर्ची. खुर्चीत कोंडाजी बसले आहेत, मांडीवर होलचा झेंडा आडवा. तोंडाच्या डाव्या कोपऱ्यात विडीसारखी धरलेली पिवळी लाकडी टी, चेंडू ठेवायची ती खुंटी. ती त्यांच्या तोंडात कायम असायची.

“आ करू का, डाक्टरीणबाई?”

“नको,” बाई म्हणतात. “आज तपासायचं नाही.”

“मग खुर्ची तुमी घ्या. दमल्यासारख्या दिसता.”

कोण कधी उठलं ते समजत नाही. आता खुर्चीत बाई आहेत, दिवा त्यांच्या तोंडावर आहे, आणि कोंडाजी त्यांच्या मागे उकिडवे बसून एक डोळा मिटून गवताचा उतार बघताहेत. भिंत नाही. भिंतीच्या जागी टेकडी क्लबाचं चौदावं होल आहे, पलीकडे पाण्याची टाकी, टाकीवर बसलेला बगळा. वेटिंगच्या बाकावर नोई बसली आहे, चेहरा झाकलेला, हातात नंबराचा बिल्ला. तिच्या आधी कुणाचाच नंबर नाही आणि तरी तिला कुणी आत बोलवत नाही.

“ती कोण?” कोंडाजी विचारतात.

“आज सकाळी माझी कॅडी होती.”

“किती ठरलेत इकडं?”

“चारशे.”

“मग बसलीय का ती अजून?”

बाईंना उत्तर द्यायचं नसतं, पण खुर्ची आपोआप मागे कलते, आणि त्या खुर्चीत कलल्यावर माणूस खोटं बोलू शकत नाही हे बाईंनी चाळीस वर्षं पाहिलेलं आहे. त्या सांगतात, ब्रश दिला.

कोंडाजी हसतात. हसताना पूर्वी तोंडावर हात धरायचे, आता धरत नाहीत. वाकडा सुळा दिसतो. बाईंना वाटतं, काम चांगलं झालं होतं.

मग त्यांना विचारायचं असतं ते विचारता येत नाही. त्या इकडचं तिकडचं बोलतात. मूठ सैल धरल्यामुळे फटका उजवीकडे जातो, क्लबानं नवीन गवत लावलंय. कोंडाजी ऐकून घेतात. दवाखान्याची लिफ्ट येते, दार उघडतं, आत सगळी वाळू भरलेली आहे, वाळूत एक चेंडू अर्धा रुतलेला. दार मिटतं. लिफ्ट वर जाते.

“कोंडाजी,” बाई म्हणतात, “तुम्ही माझ्या गाडीपाशी थांबायचात. कवळी बसवल्यानंतर.”

“थांबलो ना. पहिल्या दिवशी थांबलो, म्हटलं सुटे नसतील. दुसऱ्या दिवशी थांबलो. तिसऱ्या दिवशी समजलं, कवळीचं वळतं करून घेताय.”

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलू? तोंडात तुमचेच दात.”

हे ते इतक्या साधेपणानं सांगतात की बाईंना आधी बोचत नाही. मग बोचतं. दिवा फार जवळ आलेला असतो. त्या डोळे मिटून घेतात आणि दिवा मिटलेल्या डोळ्यांच्या आत येतो.

“राग आला होता?”

“आला होता की.” कोंडाजी उठून पुढे येतात, झेंडा गवतात रोवतात. “पण मी काय नुसता बसलो नाही, बाई. तुमचे पट आठवतात का? त्या वर्षीचे?”

आठवतात. ग्रीनवरचा तो शेवटचा हलका फटका, चेंडू होलात घालायचा, हेमलताबाईंची ती खासियत होती. क्लबात त्यासाठी त्यांचं नाव होतं. आणि त्याच वर्षी तो बिघडला. चेंडू होलाच्या काठाजवळून जायचा, चुकला की दर वेळी एका बोटानं डावीकडून. त्यांनी मूठ बदलली, पटर, म्हणजे त्या फटक्याची काठी, बदलला. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या, तर डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात सापडली. ऑपरेशन करून घेतलं. तरी चेंडू डावीकडूनच जात राहिला. मग वय झालं, असं म्हणून त्यांनी विषय सोडला.

“लाइन मी सांगायचो,” कोंडाजी म्हणतात. “इथून मारा, उतार एवढा आहे, एवढं वळेल. सव्वीस वर्षं तुमी स्वतः कधी वाकून बघितलं नाही. मी सांगेन तिकडं मारायच्या. तर मी एक इंच सरकवून सांगायला लागलो.”

बाई उठून बसतात.

“प्रत्येक वेळी?”

“प्रत्येक वेळी कसं, तुमाला संशय आला असता. फेरीत तीन-चारदा. नोट बुडाली की तीन-चार पट बुडवायचे, असं धरलं होतं मी.”

“माझं डोळ्याचं ऑपरेशन झालं, कोंडाजी.”

“तेव्हा मला वाईट वाटलं,” ते म्हणतात. “मग अर्ध्या इंचावर आणलं.”

कुठून तरी हसू येतं. आधी ते बगळ्याचं आहे असं बाईंना वाटतं, मग ते आपलंच आहे हे कळतं. पोटातून, मुरडून येतं आहे. तीन महिने जो दगड घशाखाली ठेवून त्या वावरत होत्या तो जागचा हलला आहे. हा माणूस मुकाट्यानं सोसून गेलेला नाही. त्यानं आपलं वसूल केलं, रोजच्या रोज, त्यांच्या डोळ्यांदेखत, आणि बहुधा संध्याकाळी घरी जाऊन सांगून हसलाही.

मग त्यांना एक गोष्ट आठवते आणि हसू थांबतं. “आणि लेडीज कप? शेवटच्या ग्रीनवर एका पटनं गेला माझा.”

कोंडाजींचा चेहरा गंभीर होतो. “कपाच्या दिवशी खरी लाइन सांगितली. देवाशपथ. तो तुमीच चुकवला.”

आता दवाखाना नाही. दोघं थायलंडच्या आजच्या कोर्सच्या अठराव्या होलवर उभे आहेत, टाकी मात्र नाशिकची आहे. नोई बाकावर बसलेलीच आहे आणि बाक पाण्याच्या कडेला आहे. बाई पर्स उघडतात. पर्समध्ये नोटाच नोटा आहेत, ओल्या, एकमेकींना चिकटलेल्या. त्या म्हणतात, हिला दोन हजार देते. तीन देते. जेवढे असतील तेवढे देते.

“ठरलेत किती?”

“चारशे.”

“मग चारशे द्या. हातात द्या, आणि ती बघत असताना द्या, ट्रेमध्ये टाकून जाऊ नका.” कोंडाजी टी तोंडातून काढतात. “माझे तिच्यात घालू नका, बाई. तिनं तुमच्यासाठी आज चार तास काढलेत, तिला त्याचे मिळू द्या. जास्त दिलेत तर तिला वाटेल, या बाईचं काहीतरी बिघडलंय. आणि उद्या येईल त्या माणसाच्या हाताकडं ती तेवढ्याच आशेनं बघणार. त्यात त्या दोघांचा काय दोष?”

“आणि तुमचे?”

“माझे फिटले की. इंचाइंचानं.”

ते टी बाईंच्या तळहातावर ठेवतात. धरा, म्हणतात, हिच्यामुळं नीट बोलता येत नाही. टी ओलसर आहे. बाई तिच्यावर मूठ मिटतात. कोंडाजी अजून काहीतरी सांगताहेत, लिफ्टमधून, वाळूतून. वाळूबरोबर आवाज खाली जातो. तो एसीचा होतो.

तीन वाजून बावीस मिनिटं. हेमलताबाईंची उजवी मूठ घट्ट मिटलेली आहे. त्या बोटं उघडतात. आत काही नाही, नखांचे चार वळ आहेत फक्त. छाती हलकी वाटते आहे, आणि गेले कित्येक दिवस न लागलेली भूक लागली आहे.

त्या तोंडावर पाणी मारतात, पर्स घेतात आणि जिन्यानं खाली उतरतात. हॉटेल कोर्सच्याच आवारात आहे, कॅडींची शेड क्लबहाऊसच्या मागे. सात-आठजणी चटईवर बसून खाताहेत. नोईच्या चेहऱ्यावरचं कापड आता खाली आहे. सकाळपेक्षा ती बरीच वयानं मोठी दिसते, पन्नाशीची असावी. चिवड्याचं पाकीट फोडलेलं आहे आणि सगळ्यांमध्ये फिरतं आहे.

बाई तिला नावानं हाक मारतात. ती उठून येते. बाई घडी उलगडून शंभराच्या चार नोटा तिच्या हातात ठेवतात, एकेक, ती बघत असताना. पाचवी नोट पर्समध्ये दिसते आहे. ती पर्समध्येच राहते. नोई नोटा कपाळाशी नेऊन हात जोडते. संकोच तिकडेही नाही, इकडेही नाही. चिवड्याकडे बोट दाखवून ती जिभेवर वारा घालायची खूण करते, तिखट आहे, आणि दोघी हसतात.

बाई वळतात तर ती त्यांना थांबवते. एप्रनच्या खिशातून काहीतरी काढून पुढे करते. मोडक्या इंग्रजीत सांगते की सकाळची बॅग पुसताना बाजूच्या कप्प्यात सापडलं, द्यायचं राहून गेलं. मॅडमचंच ना?

पिवळी लाकडी टी आहे. बाई प्लॅस्टिकच्या वापरतात.

टीच्या मधोमध दातांच्या खुणा आहेत. हेमलताबाई ती उजेडात धरतात, पेशंटचं माप धरावं तशी, आणि फिरवून बघतात. खुणा उथळ आणि एकसारख्या आहेत. खऱ्या दातांच्या इतक्या सारख्या येत नाहीत, कवळीच्या येतात. एकच खूण रांगेबाहेर आहे, वरच्या बाजूची, डाव्या सुळ्याच्या जागची. ती तिरकी आहे.

समोरून बाफना हाका मारताहेत, बस आली आहे. बाई टी रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवतात.

कोंडाजी नोव्हेंबरात गेले. गोल्फची ही बॅग बाईंनी या प्रवासासाठी जानेवारीत नवी घेतली आहे. जुनीतलं काहीही त्यांनी हिच्यात घातलेलं नाही.